गुंजीच्या पेशी

“सर, हे ट्रिप्सिन मेलं असेल का?”

शिवकांता दारातूनच विचारत होती. हातात बाटली, कपाळाला आठ्या. प्राण्यांच्या पेशी वाढवण्यात पशुवैद्यक महाविद्यालयात तिचा हात कुणी धरू शकत नसे, आणि हे तिला चांगलंच ठाऊक होतं.

खतीब सर निवृत्त होऊनही रोज प्रयोगशाळेत येऊन बसत. मुलं पाठीमागे त्यांना फकीर म्हणत. सरांना ते आवडायचं.

“का गं? काय केलं त्यानं?”

“काहीच करत नाही, हेच तर! दोनदा घातलं. पेशी तळ सोडतच नाहीत. नवीन मागवावं लागणार.”

ट्रिप्सिन म्हणजे आपल्या आतड्यात डाळ-मटण पचवणारं विकर. पेशी ज्या धाग्यांनी बाटलीचा तळ धरून बसतात, ते धागे हे तोडतं. बाटली भरली की पेशी सोडवून नव्या बाटलीत न्यायच्या. नाही नेल्या, तर दाटीवाटीत मरून जातात.

सरांनी दुधाची पावडर पाण्यात कालवली. त्यात थोडं ट्रिप्सिन टाकलं आणि ती नळी मुठीच्या उबेत धरून बसले.

पांढरं पाणी हळूहळू नितळ झालं.

“जिवंत आहे की. ट्रिप्सिन घालण्याआधी बाटली धुतलीस?”

पेशींच्या जुन्या खाद्यात सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, असतं, आणि सीरम लागलं की ट्रिप्सिन लुळं पडतं. म्हणून आधी धुवायचं. नव्या पोरांना हे शिवकांताच शिकवायची, आणि न धुणाऱ्याची बिनपाण्यानं करायची.

“विसरले.”

“तू? दोनदा?”

“नाही विसरले,” ती म्हणाली. “हातच धजला नाही, सर.”

“कुणाच्या आहेत या पेशी?”

“गुंजीच्या. आमच्या आबांची लाल कंधारी गाय. आबा गेले, मागोमाग तीही गेली. जाण्याआधी तिच्या कानाचा एवढासा तुकडा काढून आणला होता.”

“हं.”

“आबांचा हात लागलेलं एवढंच जिवंत उरलंय. सोडवताना थोड्या तरी मरतातच ना.”

“मग थोड्या गोठवून ठेव.”

“गोठवल्या की दिसत नाहीत. मला रोज बघायच्या असतात. आबांची फार आठवण येते, सर... काही केल्या जात नाही.”

सरांनी बाटली धुवायचं द्रावण तिच्यापुढे सरकवलं आणि वाट बघत बसले.

बऱ्याच वेळानं तिनं झाकण उघडलं. जुनं खाद्य काढलं, बाटली धुतली, ट्रिप्सिन घातलं. सरांनी बाटली आपल्या तळहातावर आडवी धरली. मग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

“बघ आता.”

तळाला चिकटून लांबट पसरलेल्या पेशी अंग आक्रसू लागल्या. गोल झाल्या. एक सुटली, मग तिच्या शेजारची, मग कितीतरी.

शिवकांता बघतच राहिली. डोळे पुसायचंही भान तिला नव्हतं.

“सीरम!” सर जवळजवळ ओरडलेच. “ट्रिप्सिनला कुठं थांबायचं ते कळत नसतं. ते तुला कळायला पाहिजे.”

तिनं घाईघाईनं सीरमचं खाद्य ओतलं. पेशी दोन नव्या बाटल्यांत वाटून घातल्या.

दोन्ही बाटल्यांत सगळ्या तरंगत होत्या. एकीनंही अजून कुठं काही धरलं नव्हतं.

“आता?”

“आता उद्यापर्यंत थांबायचं.”

बाटल्या उबवणीच्या कपाटात ठेवून तिनं दार लावलं. हात मात्र दारावरच राहिला.

“सर... नव्या जागी नाही रुजल्या, तर?”

खतीब सर चष्मा पुसत होते. तो डोळ्यांवर चढवायला त्यांनी बराच वेळ लावला.

“तुला होस्टेलला सोडलं ना, त्या दिवशी तुझे आबा गेटापाशी मला हेच विचारत उभे होते. त्यांची एसटी निघून गेली तरी.”