दिंबालाकाठची विसाव्याची जागा

मध्य आफ्रिकेच्या जंगलात दिंबाला नदी जिथे डावीकडे वळते, तिथे एका जुन्या झाडाची मुळं भिंतीसारखी जमिनीवर आलेली आहेत. वस्तीतल्या बायका ऊन कलल्यावर तिथे गोल करून गातात. गाण्याला शब्द नसतात. एकीचा आवाज खालून उठतो, दुसरीचा त्यावर चढतो, तिसरी मधेच शिरते, आणि कोण कुठे थांबली ते कळत नाही. पण एक बाई मुळाला पाठ टेकून गप्प बसलेली असते. नवख्या पाहुण्यांना वाटतं, हिला बरं नसेल. मग वस्तीतली म्हातारी अतोका त्यांना खाली बसवते आणि न्येबाची हकिगत सांगते.

फार पूर्वी हे गाणं एकटीनं गायचं होतं, असं सांगतात. गाणं कसलं, हाकच ती. पुरुष मधासाठी आठ-आठ दिवस जंगलात जात. माजलेल्या झाडोऱ्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नसे. तेव्हा सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी वस्तीतून हाक उठे, आणि त्या आवाजाच्या रोखानं माणसं घरी येत. ही हाक न्येबाला तिच्या आईनं दिली होती. मरताना आईनं शब्द घेतला होता की ही दुसऱ्या कुणाच्या तोंडी जाऊ द्यायची नाही. गेली तर जंगल आपल्या माणसांना ओळखणार नाही.

न्येबानं वीस वर्षं शब्द पाळला. बाळंत झाली, तरी दुसऱ्या दिवशी काठावर येऊन बसली. तिची धाकटी मुलगी तापानं गेली, त्या दिवशीही पुरुष जंगलात होते. मुलीला मातीआड करून ती हात न धुता तशीच नदीवर आली आणि हाक दिली. हळूहळू वस्ती विसरूनच गेली की ही बाई दमत असेल. ती स्वतःही कुणाला सांगत नसे. नुसती पाठ दुखायची, आणि सकाळी उठावंसं वाटायचं नाही.

एका वर्षी सातजण मधाला गेले. त्यांत न्येबाचा नवरा मोंजा होता, आणि तिची नणंद सिंबे हिचा नवरा दोको होता. वर कुठेतरी पाऊस झाला आणि इथे आभाळ कोरडं असताना नदी फुगली. सखल रानातल्या वाटा पाण्याखाली गेल्या, वर धुकं साचून राहिलं. यायचा दिवस टळून गेला. मग न्येबा दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत हाक देऊ लागली. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी दुपारी आवाज चिरला. दम घ्यायला ती थांबे, ते थांबणं लांबत गेलं. जंगलात गेलेल्यांच्या आया, बायका भोवती बसून तिच्या तोंडाकडे पाहत होत्या.

चौथ्या दिवशी सकाळी सिंबे जवळ आली. इतकी वर्षं पानं कुटता कुटता तिनं ती हाक ऐकलेली होती.

"थोडा वेळ मला घेऊ दे," ती म्हणाली.

"आईला शब्द दिलाय मी."

"आणि झोपायचं नाही, असाही शब्द घेतला होता का आईनं?"

न्येबानं पुन्हा हाक सुरू केली. खालचा सूर कसाबसा उठला, पण वर उडी घ्यायची वेळ आली आणि गळ्यातून नुसती हवा आली. तेवढ्यात वरचा सूर सिंबेनं घेतला. न्येबाला राग आला, असं सांगतात. हात उगारावा इतका. पण राग येईपर्यंत तिचा श्वास भरून झाला होता, आणि खालचा सूर आपोआप तिच्या तोंडून निघाला. मग मोंजाच्या आईनं मधला एक तुकडा उचलला. कुणी दोन सुरांपुरतं गायलं, कुणी एकाच. आणखी दोघी कमरेइतक्या पाण्यात उतरल्या आणि ओंजळी उपड्या करून पाणी वाजवू लागल्या. त्याचा घुमारा ढोलासारखा रानात गेला. हाक तुटेनाशी झाली.

न्येबा मागे सरकली, मुळाला टेकली. आपली हाक तिनं बाहेरून कधी ऐकलीच नव्हती. लहानपणी आईच्या तोंडून ऐकली तेवढीच. ऐकता ऐकता तिचा डोळा लागला.

दुपारच्या आत पुरुष आले. सहाजण आले.

मोंजानं सगळं सांगितलं. धुक्यात दिशा कळत नव्हती. हाक थांबली की ते छातीभर पाण्यात जागच्या जागी उभे राहत. काल दुपारी हाक बराच वेळ बंद पडली, तेव्हा दोकोला धीर धरवला नाही. तो उलट्या अंगाला वळला आणि धारेत गेला. आज मात्र हाक थांबलीच नाही, म्हणून बाकीचे चालत राहिले.

सिंबेनं ऐकलं. न्येबानंही ऐकलं. 'काल' हा शब्द दोघींनी ऐकला; काल हाक एकट्या न्येबाच्या गळ्यावर होती. सिंबे तिला काही बोलली नाही, कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर, बोलवायचं कुणी उरलं नसतानाही, बायका नदीवर जमल्या. सिंबे आली, आदल्या दिवशीच्या जागी बसली आणि तिनं गायला तोंड उघडलं. न्येबानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. आवाज तिचा गेलेलाच होता; जे बोलली ते जवळच्यांनाच ऐकू गेलं.

"आज नको. तू तिकडे टेकून बस. आम्ही आहोत."

सिंबे मुळाशी जाऊन बसली. किती दिवस, याबद्दल वस्तीत एकमत नाही. कुणी म्हणतं मधाचे दोन हंगाम, कुणी म्हणतं तीन. न्येबाचा वरचा सूर कायमचा गेला तो गेलाच. ती खालचा तेवढा धरून राही. मग एकदा गाणं रंगात असताना वरची जागा रिकामी पडली, आणि मागून, मुळापासून, ती कुणीतरी भरली. मागे वळून कुणी पाहिलं नाही, म्हणे. नुसतं गोलात थोडं सरकून जागा केली.

आजही दिंबालाच्या वळणावर कुणी ना कुणी त्या मुळाशी बसलेली असते. कशानं दमलीस, आणि किती दिवस बसणार, हे तिला विचारायची रीत नाही.