एक पक्कड, दोन चंद्र

"मग मला दोन चंद्र का दिसतात, दादा? तेवढं सांगा."

पराग मोहोळकर गच्चीवर उभ्यानंच विचारत होता. बस म्हटलं तरी बसला नाही.

तुळशीदादा कासार आमचे गुरू. गडहिंग्लजात, घराच्या गच्चीवर, हातानं आरसे घासून दुर्बिणी करतात. आम्ही सहा-सात जण त्यांच्याकडे शिकतो. पराग त्यातला इंजिनिअर, आणि हे तो कुणाला विसरू देत नाही.

त्यानं बायनोव्ह्यूअर घेतला होता. म्हणजे दुर्बिणीतला उजेड दोन डोळ्यांना वाटून देणारी जोडनळी. तिच्यात घालायला एकसारख्या दोन आयपीसांची, म्हणजे डोळा लावायच्या भिंगनळ्यांची, जोडी लागते. यानं घेतली ती आभाळाचा मोठा तुकडा एकदम दाखवणारी. इतकी जाड की नाक मध्ये चेपतं, पण आभाळ दिसतं ते पोटभर.

हे सगळं आठ दिवस चिंतामणकडे होतं. चिंतामण तांबट आमच्यातलाच, बाजारपेठेत घड्याळं दुरुस्त करतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या वडिलांना दोन्ही डोळ्यांनी चंद्र दाखवायचा म्हणून त्यानं मागून नेलं होतं.

"त्यानं उजवा आयपीस बदललाय," पराग म्हणाला. "वरचा नंबर तोच आहे, मी तपासला. म्हणजे आतली काच बदलली असणार. घड्याळजी आहे तो. त्याला काय अवघड?"

दादा आरसा पुसत राहिले.

"आज त्याला इथून घालवा. नाहीतर मी यायचा बंद होतो."

चिंतामण खाली कट्ट्यावर बसून होता. निकाल लागेपर्यंत वर पाऊल टाकायचं नाही, असं परागनंच त्याला बजावलं होतं. आणि खोटं कशाला सांगू, येताना मीही त्याच्याशी बोललो नव्हतो. त्याच्या बोटांकडे मात्र बघितलं होतं.

दादा उठले. साडेचारचं ऊन होतं, अष्टमीचा चंद्र पूर्वेला फिकट दिसत होता. त्यांनी दुर्बीण त्याच्यावर लावली आणि वाकून बघितलं.

"दोन आहेत खरे."

"बघा! मी म्हटलं नव्हतं?"

"डावा डोळा मीट आणि बघ. काच कशी आहे?"

परागनं बघितलं.

"स्वच्छ आहे... पण तिथंच तर त्याची हुशारी आहे, दादा."

"बरं. उजवा काढ."

परागनं खिशातून पक्कड काढली.

"ही कशाला?"

"आयपीस धरणारा स्क्रू आवळून ठेवलाय. कुणाच्या बापाला निघायचा नाही. पुरावा आहे तो, परत बदलला म्हणजे?"

"कधी आवळलास?"

"रविवारी. परत हातात आलं तसं लगेच."

"आणि दोन चंद्र कधी दिसले?"

"रविवारीच. संध्याकाळी."

"आवळायच्या आधी, का नंतर?"

"नंतर."

"चिंतामणला द्यायच्या आधी पक्कड लावायचास?"

"नाही. तेव्हा घरातच असायचं. कशाला लावू?"

दादांनी पक्कड त्याच्या हातून घेतली आणि स्क्रू सैल केला. आयपीस जरासा हलला आणि आपल्या जागी सरळ बसला. इतके दिवस तो कललेला होता. एकाच बाजूनं दाबून दाबून परागनंच त्याला कलवला होता. मग दादांनी स्क्रू दोन बोटांनी नुसता टेकवला.

"बघ."

पराग वाकला. बराच वेळ वर आलाच नाही.

"किती?"

"...एक."

"आवळ."

परागनं पक्कड लावली, बघितलं. स्वतःच स्क्रू सैल केला, पुन्हा बघितलं.

मला इतकी लाज वाटली की कट्ट्याच्या बाजूला बघवेना. बिचारा तासभर उन्हात बसला होता.

"जा, चिंतामणला वर बोलाव," दादा म्हणाले.

पराग जिन्यापर्यंत गेला. तिथं थांबला. मागं वळून त्यानं आयपीसकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा आयपीसकडे.

"दादा... हे असंच ठेवायचं? सैल? तो वर आल्यावरसुद्धा?"

दादांनी पक्कड त्याच्यापुढं धरली.

"तुला चंद्र किती पाहिजेत?"