साळुंकीबाईंची हजेरी

फार मागे, माणसांनी शाळा काढायच्याही आधी, रानातल्या उंबराखाली एक शाळा भरायची. कुणाचंही पिल्लू यावं, बसावं, शिकावं. त्या वर्षी रानाचा मुखिया निवडायचा होता. मोर आणि गवा उभे होते. पाठिंबा कुणाला द्यायचा, हे ठरवायला शिक्षक संघ जमला.

"आपण शिकवावं, राजकारणात कशाला पडावं?" खारमास्तर चाचरत म्हणाले.

"राजकारण कसलं? मी फक्त हजेरी घेणार आहे," साळुंकीबाई फणकारल्या. ओढ्यापलीकडच्या साळिंदराची पोर, काटी, आठवडाभर आली नव्हती, आणि बाईंचा जीव तिच्यात अडकला होता.

त्यांनी दोन्ही उमेदवारांना वर्गापुढे उभं केलं. "सांगा, आज गैरहजर कोण?"

मोराने पिलांवरून नजर फिरवली. "सगळे तर दिसताहेत! निवडून आलो की शाळेला पिसांची कमान बांधतो."

गवा एकेक तोंड बघत राहिला. "ती काटेवाली नाही दिसत. ओढ्याला पाणी चढलंय, पलीकडे रोज पाटी घेऊन उभी असते. मी तिथंच पाणी पितो, पण कधी विचारलं नाही. चुकलंच माझं."

संघाने गव्याला पाठिंबा जाहीर केला. मतदानाला अजून चार दिवस होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी हजेरी पुकारली. "काटी..."

"हजर, बाई!"

आवाज उंचावरून आला. काटी गव्याच्या ओल्या पाठीवर बसली होती. काटे टोचत होते, तरी ती उतरेपर्यंत गवा जागचा हलला नाही.