राजाचं लाकूड, झिलबाची खुर्ची

"समुद्र माझा, किनारा माझा, म्हणजे वाहून आलेलं लाकूडही माझंच!" वेळगडचे राजे कडाडले. "आणि या झिलबानं ते घरी नेऊन तासलं? समुद्रानं टाकलं होतं तसंच्या तसं उद्या परत आण, नाहीतर तुझी होडी जप्त!"

झिलबा कोळी डोकं खाजवत घरी निघाला. तासलेलं लाकूड पुन्हा पहिल्यासारखं कसं व्हायचं? आणि होडी गेली तर मासे काय हातानं धरायचे?

तसा झिलबाला सुतारकामाचा नाद फार, हात मात्र यथातथाच. खुर्चीचा एक पाय आखूड व्हायचा, मग त्याच्या मापानं बाकीचे कापायचे. असं कापत कापत खुर्ची जमिनीला टेकायची! "माझ्या खुर्चीत बसायला छाती लागते," असं तो स्वतःच सांगायचा.

घरी येऊन त्यानं बायकोला गाऱ्हाणं सांगितलं. येसू म्हणाली, "त्यात रडायचं काय? त्या लाकडाची तुम्ही केलेली खुर्ची मी दोनदा चुलीत घालायला निघाले होते, जळण समजून!"

झिलबाला आधी राग आला. मग तो एकटाच हसत सुटला. दुसऱ्या दिवशी खुर्ची डोक्यावर घेऊन तो थेट दरबारात!

"आणलं, महाराज! जसंच्या तसं!"

"गाढवा, ही तर तू केलेली..." राजे अडखळले. "काय आहे हे?"

"ते दरबारच्या मेस्त्रींनीच सांगावं."

नारो मेस्त्रींनी वस्तू उलटी केली, सुलटी केली. उलटी कुठली नि सुलटी कुठली, तेच त्यांना कळेना.

"ही खुर्ची का हो, मेस्त्री?" झिलबानं विचारलं.

"खुर्ची? हिला खुर्ची म्हटलं तर माझी करवत जीव देईल!"

"मग चौरंग?"

"छे!"

"निदान माणसानं केलेलं काहीतरी?"

"मुळीच नाही! महाराज, याला कारागिराचा हात लागलेलाच नाही. लाटांनी आपटून टाकलेलं लाकूड हे! आणि हे खिळे फुटक्या गलबताचे!"

झिलबानं हात जोडले. "ऐकलंत, महाराज? महिनाभर घाम गाळला मी, पण लाकूड बहाद्दर! जसं होतं तसंच राहिलं. आता होडी कशापायी नेता?"

राजे इतके हसले, की पागोटं गळ्यात आलं! "होडी तुझी! आणि आजपासून वाहून आलेलं लाकूड जो उचलेल त्याचं! शिवाय मेस्त्री, याला सुतारकाम शिकवायचं तुम्ही, दरबारच्या खर्चानं!"

झिलबा गुरूचे पाय धरायला धावला. पण गुरू केव्हाच दाराबाहेर पळाले होते!