उंडीच्या खाडीतला बांध

ओहोटीला खाडीच्या तोंडाशी काळ्या दगडांची ती मोडकी रांग दिसते ना, तिचे फोटो काढून लोक ‘समुद्रातला किल्ला’ म्हणून सांगत सुटतात. किल्ला कसला! मासा कोंडायला घातलेला बांध आहे तो. आणि तो आमच्याच गावानं घातला. बसा, सांगतो.

असं सांगतात, की फार पूर्वी इथं अंताजी नावाचा खोत होता. त्याला खाण्यापलीकडे दुसरा पराक्रम ठाऊक नव्हता. त्यातही जीव बोय मासळीच्या गाभोळीवर, म्हणजे तिच्या पोटातल्या अंड्यांच्या पिवळ्या पिशवीवर.

बोय खाडीत वाढते. चिखलावरचं शेवाळ खरवडून खाते, दोन-तीन वर्षांत हातभर होते, आणि पाऊस सरला की गाभोळी पोटात घेऊन झुंडीनं समुद्रात उतरते. अंडी तिथं सोडते. पुढं नखाएवढी पिल्लं भरतीबरोबर पुन्हा खाडीत शिरतात. हे मासे मारणाऱ्या खारव्याच्या शेंबड्या पोरालाही कळतं. खोताला कळलं ते एवढंच, की मासा एकाच वाटेनं बाहेर जातो.

त्यानं गावाला दगड वाहायला लावलं. गावानं वाहिले, तेही हसत. भरतीचं पाणी बांधावरून आत यायचं, ओहोटी लागली की मासा आत अडकायचा. पहिल्या वर्षी इतकी बोय सापडली म्हणे, की गाभोळी काढून घेऊन उरलेला मासा माडांच्या मुळाशी पुरला. तिसऱ्या वर्षी टोपली भरेना. चौथ्या वर्षी खाडीला हिरव्या शेवाळाची साय चढली आणि घरोघरी नुसती पेज उरली.

तेव्हा आवडाबाय खारवीण खोताच्या अंगणात गेली. म्हणाली, “खोत, आई खाल्लीत तर लेकरं कुठून येतील? बांध फोडा.”

खोत ढेकर देऊन म्हणाला, “तुझे हात आहेत ना? फोड की.”

तिनं खरंच फोडायला घेतला. रोज ओहोटीला ती एकटी पाण्यात उतरायची आणि दगड उपसायची. गाव काठावर उभं राहून बघायचं. मदतीला एक माणूस उतरला नाही. उलट खोतानं तिच्याच नवऱ्याला, लखूला, सांगितलं, “तिनं काढलेला दगड तू परत लाव.” आणि त्या नेभळटानं लावला! अठरा दिवस बायको काढतेय, नवरा लावतोय.

अमावास्येच्या उधाणाला उरलीसुरली बोय समुद्राकडे निघाली. पाणी उतरू लागलं तशी आवडाबाय त्या दिवशी पाडलेल्या भगदाडात बसली. लखू दगड घेऊन आला.

“लाव,” ती म्हणाली. “पण माझ्यावर लाव.”

लखूनं काठावरच्या खोताकडे पाहिलं. खोतानं मान डोलावली. आणि लखूनं तो दगड बायकोच्या मांडीवर ठेवला.

तेवढ्यात झुंड आली. पाणी पांढरं झालं, मासे तिच्या खांद्यांवरून उड्या मारू लागले, आणि मागून रेटा असा आला म्हणे, की बांध वीस हात फुटला. आवडाबाय बोयींबरोबर बाहेर फेकली गेली. पलीकडच्या वाळूवर उठून बसली, लुगडं पिळलं आणि घरी गेली. ती देवी होती असं लोक म्हणतात. देवीबिवी काही नाही. गावाला आपली लाज झाकायची असली की गाव बाईची देवी करतं.

खोताचं काही वाकडं झालं नाही. म्हातारा होऊन अंथरुणात मेला. लखू मात्र जन्मभर उंबऱ्याबाहेर जेवला. तो माझा खापरपणजोबा.

आजही पाऊस सरल्यावर बोय उतरू लागली की उंडीत दोन महिने जाळं टाकत नाहीत. आणि त्या अमावास्येला गावातले सगळे पुरुष पाण्यात उतरून बांधाचा एकेक दगड काढतात. बायका काठावर उभ्या राहून आम्हाला नावानिशी शिव्या घालतात. उलट बोलायचं नाही, वरही बघायचं नाही. साठ वर्षं मी त्या खाली मानेनं ऐकतोय. एकही शिवी खोटी वाटली नाही.