भोपळ्यावरची टकटक

फार फार मागची गोष्ट. रानात अजून कुऱ्हाड शिरली नव्हती, तेव्हाची.

त्या रानात दर साली अस्वलांचा आणि वानरांचा खेळ व्हायचा. वानराने कवठ फेकायचं, अस्वलाने ते दांडक्याने टोलवायचं. जिंकेल त्याची मोहाची फुलं. एका साली अस्वलांचा एकही टोला चुकेना. वानरं चक्रावली. शेवटी उघडकीला आलं. फेकणाऱ्या वानराच्या पाठीमागे झाडावर सुतारपक्षी बसायचा. वानराने कवठ कसं धरलंय ते बघायचा, आणि तिथे टांगलेल्या वाळक्या भोपळ्यावर चोच मारायचा. एक टक म्हणजे उंच, दोन टक म्हणजे सरपटी.

पंच होता हत्ती. त्याने अस्वलांच्या म्होरकीला, थोरल्या अस्वलिणीला बोलावलं. "फुलं तर गेलीच तुमची. आता दिवस मावळायच्या आत गुन्हेगाराचं नाव सांग. त्याला रानाबाहेर काढायचं."

अस्वलीण गेली सुतारपक्ष्याकडे. तो म्हणाला, "मावशी, मी नुसती चोच मारली. दांडकं कुणाच्या हातात होतं?"

खरंच की, असं म्हणत ती टोलवणाऱ्यांकडे गेली. ते म्हणाले, "मग काय कानांत बोळे घालून खेळायचं? भोपळा कुणी टांगला ते विचारा."

हेही खरंच. आणि भोपळा टांगला होता तिच्या धाकट्या भावाने. ती त्याच्याकडे गेली.

भाऊ म्हणाला, "टांगला मीच, अक्का. पण टोले सगळ्यांनी हाणले. मग रानाबाहेर मी एकट्यानेच का जायचं?"

अस्वलिणीचं डोकं भणाणलं. ज्याच्याकडे जावं त्याचं बोलणं पटत होतं. मग गुन्हा कुणीच केला नाही की काय?

"मला तरी सांगायचंस," ती म्हणाली. "मला वाटलं, पाखरू अळ्या शोधतंय."

भाऊ म्हणाला, "वाळक्या भोपळ्यात कसल्या अळ्या, अक्का? टक वाजली की तू मान डोलवायचीस. आम्ही समजलो, तुझी ना नाही."

आपल्याला ठाऊक होतं की नव्हतं, हेच तिला आता कळेना. एवढं मात्र आठवलं, की विचारावंसं वाटलं होतं, आणि फुलांवर डोळा होता म्हणून विचारलं नव्हतं.

दिवस कलला तशी ती हत्तीपुढे उभी राहिली. "चोच त्याची, दांडकी त्यांची, भोपळा भावाचा. कुणाचा वाटा केवढा, मला नाही उलगडत. पण 'बंद करा' एवढं म्हणायचं काम माझं एकटीचं होतं. माझं नाव घे."

हत्तीने बाकीच्यांचा खेळ बंद केला आणि अस्वलिणीला नदीपल्याड धाडलं. भाऊ काठापर्यंत पोचवायला गेला.

बाळांनो, लबाडीत हात पुष्कळांचे असतात, पण ज्याच्या एका शब्दाने ती थांबली असती, त्याचं गप्प बसणं सगळ्यांत जड.