साकवासाठी रिकामा कप्पा

सकाळचे बरोबर सव्वानऊ झाले होते. एक वृद्ध गुरुजी गावच्या ओढ्यावर कमानीचा लाकडी साकव बांधत होते, आणि कमानीची लांबी काढायचं काम त्यांनी आपल्या शिष्येवर सोपवलं होतं. शिष्या तरुण होती. तिच्या लेकीचा आज अंगणवाडीतला पहिलाच दिवस, आणि दारातून परत फिरताना ऐकलेलं ते रडणं अजून तिच्या कानातून जात नव्हतं.

हातात आलेख काढणारा कॅल्क्युलेटर. त्यात मापाला एक अक्षर द्यायचं, की यंत्र ते माप जपून ठेवतं. उंचीला ती कायम 'एच' म्हणायची. भराभर बटणं दाबून तिनं सांगितलं, "सहा मीटर आणि दोन बोटं."

सुतार मिस्त्रींनी करवत उचलली आणि तशीच धरून ठेवली. "बाई, ओढाच सहा मीटरचा. ही कमान म्हणायची की पाट? सागाची एवढी लांब फळी एकच आहे हो. आखूड कापली तर बसा बोंबलत."

तिनं पुन्हा केलं, पुन्हा तेच.

गुरुजींनी कॅल्क्युलेटर मागून घेतला, दोनचार बटणं दाबली आणि परत दिला. पडद्यावर काहीच नव्हतं.

"अगोबाई! गुरुजी, माझी साठवलेली सगळी मापं गेली?"

"आता कर गणित," एवढंच ते म्हणाले.

तिनं सूत्र पुन्हा लिहिलं, ओढ्याची रुंदी घातली. या खेपेला आकडा आलाच नाही. उत्तरात 'एच' हे अक्षर तसंच उभं राहिलं. ती बघतच राहिली. साकवाची उंची तिनं घातलीच नव्हती! मघाशी यंत्रानं मागच्या महिन्यातल्या शाळेच्या खिडकीवरच्या छोट्या कमानीची उंची मुकाट्यानं घेतली होती. तिनं दीड मीटर घातलं. उत्तर आलं, सात मीटरला जरासं कमी.

"हां, ही झाली कमान," म्हणत मिस्त्रींनी करवत लावली.

गुरुजींनी यंत्रातला जुना फोल्डर, म्हणजे मापांचा कप्पा, उघडून दाखवला. खिडकीची सगळी मापं जागच्या जागी होती.

"पोरी, मी पुसलं काहीच नाही. साकवाला फक्त वेगळा कप्पा दिला. नाव एकच असलं तरी खिडकीची उंची खिडकीपाशी शोभते, साकवाची साकवापाशी. रिकाम्या कप्प्याचा गुण हा, की जे तू दिलं नाहीस ते तो दुसरीकडून आणत नाही, तुलाच विचारतो." मग हळूच म्हणाले, "लेक कुणापाशी आहे?"

"अंगणवाडीच्या ताईंपाशी."

"मग ती तिच्या जागी सुखरूप आहे. कप्पा मिटला म्हणजे आई तिला विसरली, असं होत नाही."

मग साकवाच्या कठड्याचं माप तिनं एका दमात काढलं. दुपारी अंगणवाडीच्या दारात लेक धावत येऊन तिला बिलगली, तेव्हा साकवाचं एकही माप तिच्या डोक्यात नव्हतं.

तुमच्या ओळखीत असं कुणी एका हातानं काम आणि दुसऱ्या हातानं काळजी धरून बसलेलं असेल, तर ही गोष्ट तेवढी त्यांच्या कानावर घाला.